लाटांच्या गावी जायचे, तर आधी काम ठरवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

‘ऑस्ट्रेलियात फळतोडणी, समुद्रकिनारी निवास, इंग्रजीची अट नाही, त्वरित संपर्क’ अशा छोट्या जाहिराती हल्ली सगळ्याच दैनिकांत दिसतात, आपल्याही. खाली फक्त मोबाइल नंबर असतो. दुसरीकडे मोर्शी-वरुडपासून दिग्रस-पुसदपर्यंतची पोरे मोबाइलवर सर्फिंगचे, म्हणजे फळीवर उभे राहून लाटेवर स्वार होण्याचे व्हिडिओ पाहतात आणि तिथे राहून कमावता येईल का, असे विचारतात. घरचे हसतात. जाहिरातवाला हसत नाही, तो दोन लाख मागतो. खरे उत्तर या दोघांकडेही नाही, म्हणून हे पत्र. थोडे लांबले आहे, पण शक्य तर कापू नये.

लाटेसाठी कोणताही देश व्हिसा देत नाही. सर्फिंग शिकवण्याच्या नोकऱ्या मोजक्या आणि हंगामी असतात, आणि त्या किनाऱ्यावरच वाढलेल्या मुलांना मिळतात. मात्र चांगली लाट फुटणारा किनारा बहुधा मोठ्या शहरापासून लांब असतो, उघड्या महासागराकडे तोंड करून. त्याच्या मागे लगेच शेती लागते. दुधाचे गोठे, द्राक्षमळे, बेरीच्या बागा, एखादे जिल्हा रुग्णालय, म्हाताऱ्यांची निवासगृहे असा तो सगळा मुलूख. तिथल्या तरुणांना शहर हवे असते, त्यामुळे काम करणारे हात कायम कमी पडतात. आपल्याकडचा कृषी पदविकाधारक, नर्सिंगची जीएनएम पदविका झालेली मुलगी, आयटीआयचा डिझेल मेकॅनिक यांना तिथे काम आहे. म्हणून नकाशावर आधी किनारा शोधू नये. आपल्या हातातले काम कोणत्या किनाऱ्यामागे चालते, ते आधी पाहावे.

ऑस्ट्रेलियापासून सुरुवात करू, कारण सर्वांत जास्त फसवणूक तिथल्या नावाने होते. भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ रोजी लागू झाला. त्यातून भारतीयांसाठी ‘वर्क अँड हॉलिडे’ म्हणजे सबक्लास ४६२ हा व्हिसा २०२४ मध्ये खुला झाला. वर्षाला जागा १,०००. वय १८ ते ३० पूर्ण. बारावीनंतरचे किमान दोन वर्षांचे पूर्णवेळ शिक्षण हवे, त्यामुळे नुसती बारावी चालत नाही. इंग्रजीसाठी आयईएलटीएस या परीक्षेत सरासरी ४.५ पुरते. खात्यात ५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे तीन लाखांच्या आसपास रक्कम दाखवावी लागते. निवड सोडतीने होते आणि सोडतीत नाव घालण्याची फी २५ डॉलर आहे. पहिल्या वर्षी नोंदणी ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली. नाव निघाले की २८ दिवसांत पूर्ण अर्ज भरायचा असतो, म्हणून पासपोर्ट, इंग्रजीचा निकाल आणि पदवीचे कागद सोडतीच्या आधीच तयार हवेत. ‘सोडतीत नाव काढून देतो’ म्हणणारा खोटे बोलतो, कारण यंत्र कुणाचे ऐकत नाही. अर्ज स्वतःच्या खात्यातून ऑनलाइन भरता येतो, त्याला एजंट लागतच नाही.

त्या तीन लाखांबद्दल एक गोष्ट शेतकरी घरांना कुणी सांगत नाही. कापूस किंवा संत्रा विकून एकदम खात्यात आलेली रक्कम व्हिसा अधिकाऱ्याला उसनी वाटते. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नसतो, म्हणून विवरणपत्रही नसते. मग पैसा कुठून आला, हे कशाने दाखवणार? अडत्याची हिशेबपट्टी, सीसीआयच्या (कापूस महामंडळाच्या) खरेदीची पावती, सातबारा आणि ज्याच्या नावाची जमीन आहे त्याचे पत्र असे सगळे इंग्रजी भाषांतरासह जोडावे. रोखीने विकलेल्या मालाची कच्ची चिठ्ठी इथे उपयोगाची नाही. ज्याला दोन वर्षांनी जायचे आहे, त्याने या हंगामापासूनच माल पक्क्या पावतीवर विकावा आणि पैसे खात्यात घ्यावेत.

या व्हिसावर पहिले वर्ष कुठेही राहता येते, पण सर्वसाधारणपणे एका मालकाकडे सहा महिन्यांपेक्षा जास्त काम करता येत नाही. दुसरे वर्ष हवे असेल तर ठरवून दिलेल्या ग्रामीण भागात, ठरवून दिलेल्या प्रकारचे तीन महिने काम लागते, म्हणजे ८८ दिवस. तिसऱ्या वर्षासाठी सहा महिने. लाटेच्या वेड्याला ही अट जाचक वाटते, पण नीट निवड केली तर फायद्याची आहे. न्यू साउथ वेल्समध्ये कॉफ्स हार्बरच्या उत्तरेला पंचवीसेक किलोमीटरवर वुलगुल्गा नावाचे गाव आहे. पंजाबी कुटुंबे तिथे आधी केळीच्या बागांसाठी आली आणि आता ब्लूबेरी पिकवतात. ऑस्ट्रेलियातला पहिला गुरुद्वारा १९६८ मध्ये याच गावात उभा राहिला. गावाला लागूनच भूशिर आहे, त्याच्या एका बाजूला सराईतांची लाट आणि दुसऱ्या बाजूला नवख्यांना झेपेल असा वाळूचा किनारा. ब्लूबेरीची तोडणी हिवाळ्यात, म्हणजे तिथल्या जून-जुलैत सुरू होते आणि वसंतात जोरात असते. त्याच काळात पश्चिमेकडून, म्हणजे जमिनीवरून वारा येतो आणि दक्षिणेकडून लांब पल्ल्याच्या लाटा. परदेशातले पहिले आठवडे काढायला हिंदी समजणारी माणसे असलेले असे गाव बरे.

आता मजुरीचा हिशेब. १ जुलै २०२५ पासून ऑस्ट्रेलियाची राष्ट्रीय किमान मजुरी तासाला २४.९५ डॉलर झाली. रोजंदारीवर, म्हणजे ‘कॅज्युअल’ म्हणून घेतले तर त्यावर २५ टक्के जास्त, म्हणजे सुमारे ३१ डॉलर. बागेत किलोवर किंवा डब्यावर दर ठरवतात. आपल्याकडे कापूस वेचणीला किलोवर मजुरी मिळते, तसेच हे. फरक असा की एप्रिल २०२२ पासून तिथल्या फळबाग कामगारांच्या नियमात किलोवर काम करणाऱ्यालाही तासाची किमान मजुरी मिळालीच पाहिजे, असे स्पष्ट लिहिले आहे. कितीही कमी तोडले तरी त्याच्या खाली देता येत नाही. हे ठाऊक नसलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात तासाला दहा-बारा डॉलर देऊन गप्प बसवतात. दुसरी युक्ती ‘एबीएन’ची, म्हणजे व्यवसायाच्या नोंदणी क्रमांकाची. ठेकेदार म्हणतो, एबीएन नंबर काढ, लगेच काम देतो. तो काढून बिल द्यायला लागलात की कागदावर तुम्ही मजूर राहत नाही, स्वतंत्र व्यावसायिक ठरता. किमान मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, अपघाताची भरपाई, सगळे हातून जाते. तोडणीच्या कामाला टीएफएन, म्हणजे कराचा क्रमांक पुरतो. पगाराची चिठ्ठी दर वेळी मागायची, कारण ८८ दिवसांचा पुरावा तीच असते. रोख पैसे घेऊन केलेले काम दुसऱ्या व्हिसाच्या वेळी दाखवता येत नाही, मग ते कितीही केलेले असो.

कर पहिल्या डॉलरपासून १५ टक्के, ४५,००० डॉलरपर्यंत. मालकाने या व्हिसाचे कामगार ठेवण्यासाठी कर खात्यात नोंद केलेली असावी लागते, ते विचारून घ्यावे. भविष्यनिर्वाह निधीत मालक पगाराच्या १२ टक्के भरतो. देश कायमचा सोडताना तो मागता येतो, पण या व्हिसावाल्यांचा ६५ टक्के भाग करात जातो. म्हणून ‘जाताना मोठी रक्कम मिळेल’ असा बेत आखू नये. भारताचा ऑस्ट्रेलियाशी आरोग्यसेवेचा परस्पर करार नाही, त्यामुळे विमा स्वतःचा. घेताना त्यात सर्फिंग वगळले आहे का ते वाचावे. कित्येक स्वस्त विम्यांत ते वगळलेले असते.

ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर मार्गारेट रिव्हर हा द्राक्षमळ्यांचा भाग आहे. फेब्रुवारी ते एप्रिल द्राक्षतोडणी, जून ते ऑगस्ट छाटणी. द्राक्षाची किंवा संत्र्याची छाटणी केलेला हात तिथे पटकन रुळतो आणि छाटणीची मजुरी तोडणीपेक्षा बरी पडते. लाट मात्र जबरी, खाली खडक. तिथल्या ‘मेन ब्रेक’वर नवख्याने पहिल्या वर्षी पाय ठेवू नये. शार्कचा प्रश्नही खरा आहे. एप्रिल २०१८ मध्ये तिथली जागतिक स्पर्धा शार्कच्या हल्ल्यांमुळे मध्येच रद्द करावी लागली होती.

न्यूझीलंडची गोष्ट दुधाची. उत्तर बेटावर तारानाकी नावाचा २,५१८ मीटर उंच ज्वालामुखी आहे. त्याच्याभोवती किनारा अर्धगोल वळतो आणि पर्वत ते समुद्र या पट्ट्यात डेअरी फार्म आहेत. न्यू प्लिमथ ते हावेरा या सुमारे शंभर किलोमीटरच्या रस्त्याला ‘सर्फ हायवे ४५’ म्हणतात. किनारा गोल असल्यामुळे वारा कुठूनही आला तरी एखाद्या बाजूला तो जमिनीवरून समुद्राकडे वाहतोच. उत्तरेचा वारा असेल तर ओपुनाकेच्या बाजूला जायचे, दक्षिण-आग्नेयेचा असेल तर न्यू प्लिमथच्या बाजूला. शाळेत शिकलेले मतलई आणि खारे वारे इथे कामाला येतात. रात्री थंड झालेल्या जमिनीवरून सकाळी समुद्राकडे वारा जातो आणि लाट स्वच्छ, उभी राहते. दुपारी खारा वारा आला की पाणी विस्कटते. गोठ्यात दोहणी पहाटे साडेचार-पाचला सुरू होऊन आठ-नऊला संपते, पुन्हा दुपारी दोन-तीनला. मधल्या वेळात तासभर पाण्यात जाता येते, पण लाटेची सर्वांत चांगली वेळ दोहणीतच जाते. ज्याला रोज सकाळीच पाण्यात जायचे आहे त्याने दूधधंद्यात पडू नये.

तिथला कळप चारशे-साडेचारशे गायींचा. घरच्या दोन म्हशी धारेला बसवल्या म्हणजे हे काम येते असे नव्हे. तिथे खड्ड्यात उभे राहून मागून यंत्राचे कप लावायचे, तासाला शेकडो गायी. जुलै ते सप्टेंबर विण्याचा हंगाम, त्यात पाऊस, चिखल आणि सलग अकरा-बारा दिवस काम, मग दोन-तीन दिवस सुटी. आणखी एक गोष्ट निघण्यापूर्वी माहीत हवी. नको असलेली वासरे चार दिवसांची झाली की कत्तलखान्याकडे जातात आणि ती गाडीत चढवणे हा नोकरीचा भाग असतो. ज्याला हे जमणार नाही त्याने करारावर सही करण्याआधी ठरवावे. तिथे पोहोचून ठरवले तर व्हिसा जातो, कारण तो मालकाशी बांधलेला असतो. या ‘अ‍ॅक्रेडिटेड एम्प्लॉयर वर्क व्हिसा’साठी मालक सरकारमान्य असावा लागतो आणि मार्च २०२५ पासून किमान दोन वर्षांचा संबंधित अनुभव पुरतो. पण तो कागदावर हवा. घरच्या गोठ्यातल्या कामाची पगारचिठ्ठी नसते, आणि सरपंचाच्या दाखल्याला तिथे वजन नाही. एखाद्या नोंदणीकृत डेअरी फार्मवर नियुक्तिपत्र, बँकेत जमा होणारा पगार आणि भविष्यनिर्वाह निधी असलेली दोन वर्षे काढणे हाच खरा मार्ग. १ एप्रिल २०२५ पासून तिथली किमान मजुरी तासाला २३.५० न्यूझीलंड डॉलर होती. नोकरी देण्याबद्दल मालकाने किंवा त्याच्या माणसाने पैसे घेणे तिथे बेकायदा आहे. ‘मालकाला द्यायचे आहेत’ म्हणून इथे कुणी आठ लाख मागत असेल, तर त्याच क्षणी उठावे. अपघात झाला तर तिथली एसीसी योजना परदेशी माणसाच्या उपचारालाही मदत करते, ही मात्र चांगली बाजू.

परिचारिकांनी आयर्लंडचा पश्चिम किनारा पाहावा. स्लायगो गावात मोठे रुग्णालय आहे आणि तिथून आठेक किलोमीटरवर स्ट्रँडहिलचा किनारा. थोडे वर डोनेगलमध्ये बंडोरन. परिचारिकेचा परवाना एनएमबीआय ही तिथली परिचारिका मंडळाची संस्था देते. आयईएलटीएस अ‍ॅकॅडेमिकमध्ये एकूण ७ लागतात. त्यानंतर त्यांचे निर्णयपत्र येते आणि बहुतेक भारतीय परिचारिकांना एक तर रुग्णालयातला अनुकूलन काळ किंवा डब्लिनमधली अ‍ॅप्टिट्यूड परीक्षा द्यावी लागते. बारा तासांच्या पाळ्या असल्या की आठवड्यात तीन-चार दिवस काम आणि बाकी मोकळे, तेही बरेचदा आडदिवशी, जेव्हा पाण्यात गर्दी नसते. नोकरीचा परवाना ‘क्रिटिकल स्किल्स’ प्रकारचा असतो, त्यामुळे कुटुंबाला लवकर नेता येते. पाणी मात्र ८ ते १६ अंश. तिथे ५ मिलिमीटरचा वेटसूट (अंग उबदार ठेवणारा रबरी पोशाख), बूट, हातमोजे आणि टोपी लागते. डिसेंबरात उजेड जेमतेम साडेसात तास. वर्धा-चंद्रपूरच्या उन्हात वाढलेल्या माणसाला थंडीपेक्षा हा अंधार जास्त जड जातो.

जपानचा विचार आपल्याकडे फार कमी होतो, आणि आमच्या मते तो सर्वांत आधी व्हायला हवा. ‘स्पेसिफाइड स्किल्ड वर्कर’ हा व्हिसा एप्रिल २०१९ मध्ये सुरू झाला आणि जानेवारी २०२१ मध्ये भारताशी त्याचा करार झाला. पदवीची अट नाही. वय १८ पूर्ण, जपानी भाषेची एन-४ किंवा जेएफटी-बेसिक परीक्षा, आणि त्या क्षेत्राची कौशल्य परीक्षा. शेती, वृद्धांची काळजी, अन्नप्रक्रिया, बांधकाम अशी क्षेत्रे आहेत. भाषेला रोज दोन-तीन तास दिले तर आठ-दहा महिन्यांत एन-४ पर्यंत जाता येते. देवनागरी वाचणाऱ्याला उच्चार सोपे जातात, कांजी लिपी मात्र घाम काढते. क्यूशू बेटावरचा मियाझाकी प्रांत भाजीपाला, आंबा आणि पशुपालनासाठी ओळखला जातो. तिथल्या किसाकिहामा किनाऱ्यावर २०१९ मध्ये जागतिक सर्फिंग स्पर्धा झाली. टोकियोच्या बाजूला चिबा प्रांत आहे, भुईमुगासाठी प्रसिद्ध. तिथल्या त्सुरिगासाकी किनाऱ्यावर २०२१ मध्ये ऑलिम्पिकचे सर्फिंग झाले. ऑगस्ट ते ऑक्टोबर वादळांमुळे मोठ्या लाटा येतात. वादळ जवळ आले की पाण्यात जायचे नाही, ते दूर समुद्रात असते तेव्हाची लाट घ्यायची.

पण एक खोच आहे. जपानच्या श्रम कायद्यातले कामाचे तास, विश्रांती आणि साप्ताहिक सुटीचे नियम शेतीला लागू नाहीत. कायद्याच्या कलम ४१ मध्येच तशी सूट आहे. म्हणून शेतीच्या करारात महिन्याला सुट्या किती, जादा तासाला दर काय आणि पावसाळी दिवसाचा पगार मिळतो का, हे लिहून घ्यावे. या व्हिसाच्या पहिल्या प्रकारात एकूण पाच वर्षे राहता येते आणि कुटुंब नेता येत नाही. त्याच क्षेत्रात मालक बदलता येतो, हे मालक सहसा सांगत नाही.

बाकीच्या दारांबद्दल थोडक्यात. पोर्तुगालचे एरिसेरा, पेनिशे हे किनारे उत्तम, पण ‘पर्यटक म्हणून जा, काम धरा, मग कागद होतात’ हा जुना मार्ग ३ जून २०२४ च्या सरकारी आदेशाने बंद झाला. तो अजूनही विकला जातो. घरून काम करणाऱ्यांसाठीचा तिथला डी-८ व्हिसा खरा आहे, मात्र त्यासाठी तिथल्या किमान वेतनाच्या चौपट उत्पन्न लागते. २०२५ मध्ये किमान वेतन ८७० युरो होते, म्हणजे महिन्याला ३,४८० युरो, साडेतीन लाखांच्या घरात. नागपूरच्या आयटी पगारात ते बसणे कठीण. बाली आणि श्रीलंका सुट्टीसाठी ठीक. पर्यटक व्हिसावर तिथे हॉटेलात किंवा सर्फ कॅम्पवर काम करणे गुन्हा आहे, आणि ‘जेवण-राहण्याच्या बदल्यात मदत’ हेही कामच धरले जाते. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ हा शेरा असतो. अशांना इंडोनेशियासह १८ देशांत नोकरीसाठी जाताना सरकारची वेगळी मंजुरी लागते.

आता कागद, कारण आपल्याकडे बहुतेक अर्ज इथेच अडतात. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव. पासपोर्टवर वडिलांचे नाव ‘गिव्हन नेम’मध्ये गेलेले. आधारवर स्पेलिंग तिसरेच. लग्न झालेल्या मुलीच्या पदवीवर माहेरचे नाव, पासपोर्टवर सासरचे. परदेशातली संगणकप्रणाली यांना वेगवेगळी माणसे समजते. आधी पासपोर्ट कसा हवा ते ठरवून बाकी सगळे त्याच्याशी जुळवावे, आणि जे जुळवता येत नाही त्यासाठी ‘एकच व्यक्ती’ असे प्रतिज्ञापत्र आणि गरजेप्रमाणे राजपत्रातली नोंद करावी. जन्मदाखल्यात नुसते ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ लिहून नाव कोरे सोडलेले असते. ते ग्रामपंचायतीत आताच भरून घ्यावे, ऐन वेळी ग्रामसेवक सापडत नाही. पोलीस दाखला पासपोर्ट कार्यालयातून ५०० रुपयांत मिळतो, पण पडताळणीसाठी पोलीस पाटलाच्या गावात माणूस हजर लागतो. त्यामुळे पुण्याला राहून गावचा पत्ता देऊ नये. पदवीवर आधी राज्य शासनाची साक्षांकन मोहोर, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, हा क्रम उलटा होत नाही.

वाहन चालवण्याचा परवाना हा दुर्लक्षित कागद. बागा आणि गोठे बसच्या रस्त्यावर नसतात, किनाराही नसतो. नुसते दुचाकीचे लायसन्स असेल तर तिथे दुसऱ्याच्या गाडीवर अवलंबून राहावे लागते, आणि तो दुसरा बहुधा ठेकेदार असतो. निघण्याच्या निदान वर्षभर आधी चारचाकीचे काढावे. आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओत फॉर्म ४-ए भरून १,००० रुपयांत मिळतो आणि एक वर्ष चालतो. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड, जपान या चारही देशांत आपल्यासारखीच डावी बाजू आहे.

मागे राहिलेल्या जमिनीचे काय? परदेशात गेल्याने वारशाची किंवा आधीची शेतजमीन जात नाही, पण अनिवासी झाल्यावर नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. बँकेतले साधे बचत खाते अनिवासींच्या एनआरओ खात्यात बदलावे लागते. पीएम-किसानच्या हप्त्याला अनिवासी पात्र नाही. तो खात्यात येत राहिला तर पुढे वसुलीची नोटीस येते. ई-पीक पाहणी, पीकविमा, कर्जाचे नूतनीकरण यांसाठी घरच्या माणसाच्या नावे नोंदणीकृत मुखत्यारपत्र करून जावे. मात्र त्यात जमीन विकण्याचा अधिकार लिहू नये. भाऊबंदकीचे सांगायला नको.

राहिले पाणी. आपल्याकडे पोहणे म्हणजे विहिरीचे, फार तर धरणाच्या काठचे. विहिरीत शिकलेला माणूस डोके वर ठेवून, कमरेपासून खाली बुडून पोहतो. समुद्रात त्याने दम लवकर संपतो. निघण्याआधी तलावात न थांबता निदान २०० मीटर क्रॉल आणि हात न लावता दहा मिनिटे तरंगणे जमले पाहिजे. धरणाच्या कालव्यात सराव करू नये, त्याची भिंत चढता येत नाही. खऱ्या लाटेची ओळख परदेशात पैसे जाळण्याऐवजी इथेच करावी. वर्धा-नागपूर-गोंदियावरून पुरीला आणि सेवाग्राम-बल्लारशावरून चेन्नईला थेट गाड्या आहेत. पुरी आणि चेन्नईजवळचे कोवलम, महाबलीपुरम इथे शिकवणारे आहेत.

पहिली फळी आठ फुटांची, मऊ पृष्ठभागाची घ्यावी. व्हिडिओतली सहा फुटांची टोकदार फळी नवख्याला तरंगवत नाही. पायाची दोरी फळीएवढ्या लांबीची. फळी कधीही स्वतःच्या आणि लाटेच्या मध्ये धरायची नाही, आणि पाण्यातून वर येताना हात डोक्यावर, कारण बहुतेक जखमा स्वतःच्याच फळीने होतात. लाट तिच्या उंचीच्या सुमारे १.३ पट खोल पाण्यात फुटते. म्हणजे दीड मीटरची लाट दोन मीटर पाण्यात. खाली खडक असेल तर उडी मारायची नाही, आडवे पडायचे. दोन फुटत्या लाटांच्या मध्ये जिथे पाणी गडद, शांत आणि फेसाविना दिसते तिथे आत समुद्राकडे नेणारी ओढ असते, आणि नवखा नेमका तिथेच पाय टाकतो. ओढीविरुद्ध किनाऱ्याकडे पोहायचे नाही. किनाऱ्याला समांतर बाजूला सरकायचे, दम गेला तर तरंगत हात वर करायचा. आणि ज्याच्याजवळ लाट आधी फुटते तिच्यावर त्याचाच हक्क. नव्या माणसाने हा नियम मोडला की परत त्या किनाऱ्यावर कुणी बोलत नाही.

सुट्टीचा दिवस निवडण्यासाठी एक साधे गणित. अंदाजात लाटेची उंची असते तसा दोन लाटांमधला अवधी सेकंदांत असतो. त्याला दीडने गुणले की लाटांचा ताफा खोल समुद्रात तासाला किती सागरी मैल येतो ते मिळते. १४ सेकंदांचा ताफा २१ सागरी मैल, म्हणजे तासाला ३९ किलोमीटर. २,००० किलोमीटरवरचे वादळ दोन दिवसांनी पोहोचते. पाळी बदलून घ्यायला तेवढा वेळ पुरतो. ८ सेकंदांची लाट आकड्यात तेवढीच उंच असली तरी दुबळी असते, तिच्यासाठी रजा घालवू नये.

शेवटी आपल्याकडे एक मागणी. परदेशी नोकरीसाठी माणसे भरणाऱ्याला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परवाना लागतो. तो ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येतो, आणि सेवाशुल्क कमाल ३०,००० रुपये अधिक जीएसटी इतकेच घेता येते. आपल्या जाहिरात विभागाने असा परवाना क्रमांक नसलेली परदेशी नोकरीची जाहिरात स्वीकारू नये, आणि स्वीकारली तर क्रमांक मजकुरात छापावा. ऑस्ट्रेलियाच्या सोडतीची नोंदणी सुरू झाली की ती बातमी जिल्हा पानावर पहिल्याच दिवशी यावी, कारण तालुक्याच्या गावात ती पोहोचेपर्यंत मुदत संपलेली असते.

आपले,
परदेशी नोकरीचे अर्ज भरून देणारे दोन वाचक
ता. मोर्शी, जि. अमरावती